टमरेल घेऊन धावताना

माझ्या शिस्तीची सुरुवात टमरेलापासून झाली. हसायचं तर आत्ताच हसून घ्या.

टोकावड्याच्या अलीकडचं आमचं गाव. नव्वदचं दशक संपत आलं होतं. बारावी झाली आणि मला पोलीस भरतीचं खूळ लागलं. खूळच म्हणायचं, कारण माझ्याइतकी आळशी मुलगी अख्ख्या आळीत नव्हती. भात झोडायला बोलावलं की माझं डोकं दुखायचं आणि जेवायला बोलावलं की थांबायचं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि अट घातली, "एकदा बस भरतीला. नाय झाला तर माघात गपचूप लगीन करायचा." बाबांचं मत नेहमी आईच्या मतानंतर तयार व्हायचं, त्यामुळे तेही हो म्हणाले.

भरतीला धावायचं असतं. आता लग्नाच्या वयाची मुलगी पहाटे रस्त्याने धावते म्हटल्यावर गाव काय काय बोलेल? तोडही आईनेच काढली. तेव्हा घरात संडास होते कुणाकडे? भल्या पहाटे हातात टमरेल असलेल्या बाईला "कुठं चाललीस" असं कोणी विचारत नाही, ही आमच्याकडची रीत. "टमरेल घे नि जा," आई म्हणाली, "कोन तोंड उघडनार नाय."

पहिल्या दिवशी मी विजेच्या एका खांबापर्यंत धावले आणि त्या खांबालाच मिठी मारून उभी राहिले. मग ठरवलं, आठवड्याला एक खांब वाढवायचा, जास्त नको नि कमी नको. टमरेलातलं पाणी पहिल्याच करवंदीच्या जाळीत ओतायचे. ती जाळी त्या साली अशी माजली की विचारू नका! कंटाळा तर रोज यायचा. "आज अंग दुखतंय" हे वाक्य डोळे उघडायच्या आधी तोंडात तयार असायचं. पण कालच्या खांबापर्यंतच तर जायचंय, असं स्वतःला फसवलं की पाय निमूट निघायचे. दिवाळीपर्यंत मी ओढ्यावरच्या पुलाला हात लावून परत येऊ लागले.

आणि तिथेच घोटाळा झाला. पोरगी रोज पहाटे टमरेल घेऊन जाते, तेही धावत, आणि अर्धा तास परत येत नाही! गावाने समजायचं ते समजून घेतलं. शेजारची काकू कुड्याची साल घेऊन आली. "उगाळून पाज पोरीला, दोन दिसात पोट बांधून येल." ते कडू जहर मी आठ दिवस प्यायले आणि आई चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसत बसली. पण मुरबाडकडून आलेलं एक चांगलं स्थळ मुलीला जुनी हगवण आहे असं ऐकून परस्पर फिरलं, तेव्हा तिचं हसू कुठल्या कुठे पळालं.

दुसऱ्या दिवशी बोरिंगवर, सगळ्या हंडे-कळशांच्या देखत, तिने पदर खोचला. "कोनाचा पोट बिगडलाय गो? पोरगी माजी पोलिसात जानार हाय, म्हून धावते!"

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्या दिवसापासून टमरेल सुटलं, पण खाडाही करता येईना. एक दिवस नाही गेलं तर डोक्यावरच्या लाकडांच्या भाऱ्याखालून बायका विचारायच्या, "काय हवालदारीन, आज सुट्टी काय?" आई आता रोज पुलापर्यंत माझ्यामागे चालत यायची. का येतेस म्हटलं तर म्हणायची, "कुत्री हायेत."

ठाण्याच्या मैदानावर माझी धाव थोडक्यात कमी पडली. थोडक्यात म्हणजे चार सेकंद. नुसती शिंक आली तरी तेवढे जातात हो! घरी येऊन आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, तशीच निवडत राहिली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि तेही तांदूळ निवडायला बसले. अट म्हणजे अट. आता माघात मांडव पडणार हे मला दिसत होतं. मी जेवले नाही, गोधडी डोक्यावरून ओढून निजले.

पहाटे मी उठणार नव्हतेच. कशाला उठायचं? तर कोणीतरी गोधडी खसकन ओढली. समोर आई, डोक्याला फडकं बांधून, चपला घालून तयार.

"माघात लगीन ना?" मी विचारलं.

"लगनाला काय घाई हाय? चार सेकंद काय लय नाय. ऊठ, उजाडंल आता."

मला हुंदकाच फुटला. आईने दाराची कडी काढली.

"रड मंग," ती म्हणाली, "आदी पळ."