उत्तमकाकांचे हात

मानपाड्याला गॅरेजं काय, पैशाला पासरी! पण गाडी थरथरायला लागली की डोंबिवलीत नाव एकच, उत्तमकाका. साठीचा माणूस. गाडी स्वतः चालवणार, तळवे स्टिअरिंगवर टेकवणार, खोणीच्या रस्त्याला एक फेरी मारून आले की निकाल तयार. स्टिअरिंग थरथरतंय? पुढची चाकं. बुडाखाली लागतंय? मागची. ब्रेक दाबल्यावरच थरथरते? मग डिस्क वाकडी. तीस वर्षांत काका चुकले नाहीत असं लोक म्हणायचे, आणि खोटं कशाला बोला, काकांनाही ते ऐकायला फार आवडायचं.

आणि त्याच हातांना दीड वर्षापासून काही कळत नव्हतं. साखरेच्या आजाराने बोटं मारून टाकलेली. एकदा तापलेल्या सायलेन्सरला तळवा टेकला, कातडी करपली, आणि काकांना आधी वास आला, मग कळलं. त्या दिवशी घरी जाऊन मोरीचं दार लावून ते ढसाढसा रडले.

डोकं मात्र शाबूत होतं. डॅशबोर्डवर पाण्याचा ग्लास ठेवायचा, आरसा किती हलतो ते बघायचं, आणि शेजारी बसलेल्या गिऱ्हाइकाला बोलता बोलता विचारायचं, "तुम्हाला कुठं जाणवतंय हो?" झालं भलतंच. ग्लासवाले काका म्हणून नाव आणखी गाजलं, पार ठाण्याहून गाड्या यायला लागल्या! आता खरं सांगायचीही सोय उरली नाही. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. धाकटा भाऊ साईनाथ, त्याचा संसार, दोन कारागीर, सगळ्यांची चूल या हातांवर.

परवा ठाण्याच्या वर्तकनगरची ऋजुता आली. म्हाताऱ्या आईला घेऊन पुण्याला निघालेली. दोष सोपा होता, पुढच्या चाकांचा बॅलन्स गेलेला. चाकं काढली, बॅलन्स केली, परत बसवली. नटांना शेवटचा पाना काकांचाच, हा त्यांचा जुना हट्ट. पाना फिरवला आणि म्हणाले, "जा बिनधास्त!"

तासाभरात गाडी परत दारात. ऋजुताचा चेहरा पांढराफटक.

"काका, आता आधीपेक्षा जास्त थरथरतेय. शीळफाट्यावरूनच मागे फिरले. एक्सप्रेसवेला लागले असते तर?"

दाताच्या डॉक्टरकडे गेलेला साईनाथ तेवढ्यात आला. त्याने डाव्या चाकाचे नट चाचपले. तीन नट नुसत्या बोटांनी फिरले. त्याने ते मुकाट्याने आवळले आणि काकांना मागच्या बाजूला ओढलं.

"दादा, वर्ष झालं, तू पाना ठेवलास की मागून मी फिरवतो. आज मी नव्हतो."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीतेय. आपली कारागीर पोरंसुद्धा कधी बोलली नाहीत."

"अरे, मग मला सांगायचं ना! मी कधीच थांबलो असतो."

"म्हणूनच नाही सांगितलं," साईनाथ खाली बघत म्हणाला. "लोक माझ्यासाठी येतात का?"

काकांच्या अंगाची लाहीलाही झाली. ज्यांच्यापासून लपवत होतो, तेच आपल्याला कोंडून बसले होते! ते तडक बाहेर आले आणि रस्त्यावर ऐकू जाईल असं बोलले, "बाई, चूक माझी. माझ्या हातांना काही कळत नाही. सगळं बधिर झालंय. पुन्हा माझ्याकडे गाडी आणू नका."

ऋजुताचे डोळे भरून आले. "काका, एका चुकीनं इतकं मनाला लावून घेतात का हो? चूक कबूल करणारा माणूस मिळतो कुठं आजकाल?"

गाडीतून तिच्या आईनेही हात जोडले. "भाऊ, निघायच्या आधी तुम्हीच एकदा चालवून बघा. तुम्ही ठीक म्हणालात की माझा जीव भांड्यात पडेल."

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर काकांनी आनंदाने सोसल्या असत्या. या विश्वासापुढे पळायचं कुठं? त्यांनी साईनाथकडे पाहिलं. तो गाडीचं दार उघडून उभा होता.

काका आत बसले. तळवे स्टिअरिंगवर ठेवले.

"गाडी ठीक आहे," ते म्हणाले. गाडी अजून सुरूसुद्धा केली नव्हती.