घोड्याला चारलेलं मीठ

बहात्तरच्या दुष्काळात मी नगरहून तिसगावला मुलगी पाहायला टांग्यानं गेलो, कारण एसटी चुकवण्यात माझा हात धरणारा अजून जन्मायचा होता. टांगेवाला माझ्याशी बोलतच नव्हता. जे काय सुनावायचं ते तो घोड्याला सुनावायचा, फक्त मला ऐकू येईल अशा बेतानं.

करंजीच्या घाटात घोडा घामानं निथळला. घामातून मीठ जातं, हे मी मासिकात वाचलेलं. म्हणालो, "त्याला मीठ द्या."

"ऐकलंस का राजा, सायेब डागदर हायेत," तो घोड्याला म्हणाला. "त्यांना सांग, आधी पोटभर पानी, मंग मीठ. कोरड्या घशाला मीठ दिलं तर तान लई भडकती. आन् पानी हाय कुठं?"

पुढं तो चहाला उतरला, तेव्हा मी विज्ञानाची सेवा म्हणून हॉटेलातलं मूठभर मीठ गुळात कालवून घोड्याला चारलं.

तिसगावात मुलीच्या दारात टांगा थांबला न थांबला, तोच घोड्यानं अंगणातल्या टिपाडात तोंड खुपसलं. घरातलं सगळं पाणी म्हणजे तळाशी उरलेल्या त्या दोन-तीन बादल्याच होत्या. मुलीच्या वडिलांनी आधी रिकामं टिपाड पाहिलं, मग मला.

टांगेवाल्यानं घोड्याच्या ओठावरचा गूळ बोटानं चाखला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बोलला, "पावनं, घोडं तुमच्या मिठाला जागलं. आता तुमी ह्यांच्या पान्याला जागा." आणि दोर-बादली माझ्या हातात दिली.

परीटघडीच्या कपड्यांत मी वेशीवरच्या विहिरीतून पाणी वाहिलं. पाहण्याचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला. फक्त दारात उभं राहून पाहत होती ती मुलगी.