बाकी निरंक

हे सांगायचं मी आजवर टाळत आलो. आधी वाटायचं, घाव ओला आहे, राहू द्यावं. मग वाटलं, आता कुठं भरत आलाय, कशाला उकरायचं? मग बायकोच गेली, आणि मनाने नवी सबब काढली: आता सांगून कुणाला काय मिळणार? अशी तीन-चार वर्षं निघून गेली. माझं वय पंच्याहत्तरीला टेकलंय. मी गेलो की खरं काय झालं ते जाणणारं आमच्या घरात कुणी उरत नाही.

आमच्या गल्लीत आजही कुणाला विचारा, ते सांगतील की माझ्या बायकोची दोन बोटं कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंच्या चुकीच्या गोळ्यांनी गेली. लातूरला असलेली माझी मुलगीही तेच सांगेल. मीच तसं पसरू दिलं. ते खोटं आहे.

मी मुदखेडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होतो. रिटायर झाल्यावर नांदेडला दोन खोल्यांचं घर घेतलं. बायको मुरुडकडची. हाताला काम नसलं की तिला करमायचं नाही. ती गल्लीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावून द्यायची. पिको मशीनवर बाहेरून करून आणायची, पण फॉलची तुरपाई स्वतः हाताने घालायची. टाका इतका बारीक, की साडीच्या सुलट बाजूने नुसता ठिपका दिसावा. एप्रिलात जयंतीच्या आधी पांढऱ्या साड्यांचा ढीग लागायचा. पांढऱ्यावर पांढरा दोरा, त्यात संध्याकाळचा उजेड. मग तिचं डावं कानशील ठणकायला लागायचं. अर्धशिशी.

त्यावर एक गोळी होती. स्टेशनाजवळच्या मेडिकलवाल्याशी माझी ओळख. चिठ्ठी लागायची नाही, मी नुसतं बोट दाखवलं की तो पट्टी काढून द्यायचा. आधी महिन्याला एक, मग आठवड्याला एक पट्टी. बायको ती सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवायची. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता तो. त्यात रिळं, कात्री, आणि रिळांच्या खाली गोळ्यांची पट्टी. शुगरच्या गोळीला आम्ही औषध म्हणायचो, ती फ्रीजवरच्या टोपलीत असायची. डोक्याची गोळी आमच्या लेखी औषध नव्हतीच. चहासारखी होती ती.

कोपऱ्यावर दवाखाना टाकलेल्या डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या वयाच्या. बायकोला मावशी म्हणायच्या. वर्षभर आधी त्यांनी ती पट्टी पाहिली आणि मला चांगलंच झाडलं होतं. ‘‘काका, या गोळीने रक्तवाहिन्या आवळतात. ही रोज खायची गोळी नाही. बंद करा, मी दुसरं लिहून देते.’’ मी हो म्हणालो. दुसरी गोळी आणली, त्या गोळीने बायकोला मळमळ झाली, आणि आठ दिवसांत जुनी गोळी पुन्हा डब्यात आली. डॉक्टरीणबाईंनी पुढे एकदा विचारलं, तेव्हा मी सांगितलं, ‘‘कधीच बंद केली, मॅडम.’’

कोरोनाची मोठी लाट तोवर ओसरली होती. लोकांनी मास्क खिशात घातले होते. मुरुडला तिच्या भाचीचं लग्न झालं, आणि परतल्यावर तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. नाकातली तपासणी केली, ती पॉझिटिव्ह आली. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला मागच्या दाराशी, उघड्यावर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसवलं. बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावला, किडनीचे जुने रिपोर्ट पाहिले. म्हणाल्या, ‘‘वय साठीच्या पुढं, त्यात शुगर. मावशी, एक नवी गोळी आली आहे, ती लवकर सुरू केली तर दवाखान्यात भरती व्हायची वेळ सहसा येत नाही. तीन गोळ्या सकाळी, तीन संध्याकाळी, पाच दिवस. पण तिचं दुसऱ्या बऱ्याच औषधांशी पटत नाही. ती पोटात असली की काही औषधं अंगातून बाहेरच पडत नाहीत, साठत जातात. म्हणून मला सगळं सांगा. आयुर्वेदिक, झाडपाला, मेडिकलमधून आणलेलं, सगळं. शुगरशिवाय काय काय चालू आहे?’’

प्रश्न तिला होता. उत्तर मी दिलं. आमच्यात तशीच रीत पडली होती. तिला दवाखान्यात नेलं की ताप कधी आला, पोट कसं आहे, सगळं मीच सांगायचो आणि ती माझ्या तोंडाकडे बघत बसायची.

‘‘काही नाही, मॅडम.’’

बायको मास्कच्या आतून म्हणाली, ‘‘अवं, अन् माझ्या डोक्याचं...’’

‘‘ताप हाय तर डोकं दुखणारच की,’’ मी म्हणालो. ‘‘मॅडमला कामं हायेत.’’

भिंतीला लागून बाकावर गल्लीतले तिघे बसलेले होते, कान इकडेच. त्यांच्यासमोर, वर्षभर खोटं बोललो असं मी लेकीच्या वयाच्या बाईला कसं सांगणार? शिवाय हातात सवय होती. तीस वर्षं मी महिनाअखेरीची पत्रकं भरली. ज्या रकान्यात शोधाशोध करायचा कंटाळा, तिथं ‘निरंक’ लिहून मोकळा व्हायचो. कुणी तपासायला येत नसे.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं, ‘‘नक्की ना, काका? ती डोकेदुखीची गोळी बंदच आहे ना?’’

‘‘बंद. बाकी निरंक, मॅडम!’’

त्या हसल्या. बाकावरचेही हसले. त्यांनी केसपेपरवर लिहिलं: शुगरची गोळी चालू. इतर गोळ्या: नाहीत. आणि पुढे, बारीक अक्षरात: पतीने सांगितले. मग मला बजावलं, ‘‘ही साधी तापाची गोळी देते आहे. डोकं दुखलं तर हीच. दुसरं काहीही द्यायचं नाही. आणि काही नवीन वाटलं, हातपाय, छाती, काहीही, तर लगेच मला फोन.’’

घरी येऊन मी कॅलेंडरवर पाच दिवसांचे रकाने आखले. सकाळ, संध्याकाळ. प्रत्येक डोसापुढे लाल पेनाने टिक. एकही वेळ चुकली नाही. तापही दुसऱ्या दिवशी उतरला.

डोकं मात्र उतरेना. तापाच्या गोळीने तासभर बरं वाटायचं, मग पुन्हा ठणका. ती उशीत तोंड खुपसून पडायची. पहिल्या रात्रीच तिने हात पुढे केला होता. ‘‘डबा द्या की तो.’’ मी डबा दिला. कॅलेंडरवर त्याची टिक केली नाही. रोज एक, आणि तिसऱ्या दिवशी दोन.

मला डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. आठवत होतं. मी मनाशी म्हणालो, इतकी वर्षं खाते आहे, काही झालं नाही, आताच काय होतंय?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, ‘‘बोटाला मुंग्या येऊन राहिल्या.’’

‘‘अशक्तपणा हाय.’’

चौथ्या दिवशी पहाटे ती बसून होती. हात मांडीवर उपडे ठेवलेले. ‘‘हात लई गार पडलेत. हात लावून बघा.’’ मी लावला. नळाच्या पाण्यासारखा गार, आणि बोटांची टोकं खडूसारखी पांढरी. पावलंही तशीच. मी तेल कोमट करून चोळलं. ती ओरडली. तिची सोसायची ताकद मला माहीत होती. ती ओरडली म्हणजे काय, हेही माहीत होतं.

‘‘मॅडमला फोन लावा,’’ ती म्हणाली.

‘‘दोनच दिवस राहिलेत. कोर्स अर्धा सोडायचा नसतो.’’

‘‘कोर्सचं कुठं म्हणून राहिले मी? नुसतं विचारा. डोक्याच्या गोळीचं बी सांगा.’’

‘‘सांगतो.’’

फोन माझ्या खिशात होता. मी बाहेर गेलो, नळावर उगाच बादली भरली, परत आलो आणि म्हणालो, ‘‘उचलत नाहीयेत.’’

पुढचं वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी फोन लावलाच नव्हता.

कोर्स पुरा झाला, आणि सहाव्या दिवशी सकाळी उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं निळी पडली होती, टोकाशी काळसर. ऑटो करून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला, दुसरी कुठली गोळी? आणि तिथेही मी नाही म्हणालो. तोंडातून ते आपोआप आलं. तेव्हा बायकोने स्वतःच मास्क खाली ओढला आणि स्ट्रेचरवरून त्यांना सांगितलं, ‘‘डोक्याची गोळी खाते मी. रोजची. घरी सुईच्या डब्यात हाय.’’

नवऱ्याला ओलांडून तिने डॉक्टरला उत्तर दिलं, असं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

मी घरी जाऊन पट्टी घेऊन आलो. डॉक्टरांनी ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि सलाइनमध्ये औषध सुरू करायला सांगितलं. नंतर मला बाजूला घेऊन समजावलं. डोक्याची गोळी रक्तवाहिन्या आवळते. नव्या गोळीने ती अंगात साठत गेली, आणि बोटांत रक्त पोचायचंच थांबलं. दोन्ही गोळ्या आपापल्या जागी ठीक आहेत. एकत्र द्यायच्या नव्हत्या. ‘‘लिहून देणाऱ्या डॉक्टरांना हे माहीत नव्हतं का?’’ त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ‘‘काय माहीत.’’

पावलांत रक्त परतलं. डावा हात वाचला. उजव्या हाताची ती दोन बोटं मधल्या पेरापासून काढावी लागली.

मुलीच्या घरातही सगळे आजारी होते, त्यामुळे ती आठ-दहा दिवसांनी लातूरहून येऊ शकली. आईचा बँडेजचा हात तिने स्वतःच्या मांडीवर घेतला. ‘‘कशाने झालं, पप्पा?’’

‘‘त्या कोरोनाच्या गोळ्यांनी.’’

अर्धं खरं होतं ते. बायको पलंगावर होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. ती काही बोलली नाही. का बोलली नाही, हे मी तिला पुढे कधीही विचारलं नाही.

मुलगी तडक दवाखान्यात गेली, मला सोबत घेऊन. पेशंट बसले होते, त्यांच्यादेखत म्हणाली, ‘‘माझ्या आईची बोटं गेली. प्रयोग करायला आमचीच माणसं सापडली का तुम्हाला?’’

डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या. चेहरा उतरला होता. ‘‘मी विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं. काका, तुम्ही होता ना? केसपेपर तुमच्याकडेच आहे, त्यावर लिहिलंय बघा.’’

मुलगी माझ्याकडे वळली. ‘‘आहे का तो कागद?’’

‘‘सापडत नाहीये,’’ मी म्हणालो.

‘‘आणि माझे वडील खोटं बोलत नाहीत,’’ मुलगी त्यांना म्हणाली.

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्या वाट बघत होत्या, की हा म्हातारा आता बोलेल. मी चपलांकडे बघत उभा राहिलो.

केसपेपर पेन्शनच्या फाइलमध्ये होता, मीच ठेवलेला. अजून तिथेच आहे.

गल्लीत बोलणं पसरायला दोन दिवसही लागले नाहीत. बाया आपली पोरं दुसरीकडे न्यायला लागल्या. पाच-सहा महिन्यांनी दवाखान्याला कुलूप लागलं. आता तिथं मोबाइलची कव्हरं विकतात. डॉक्टरीणबाई लातूरला गेल्या असं ऐकलं. हे लिखाण आणि त्यासोबत तो केसपेपर मी आधी मुलीला देणार आहे, आणि ते तिनेच डॉक्टरीणबाईंच्या हातात नेऊन द्यावं असं सांगणार आहे. मुलगी माझ्याशी त्यानंतर बोलेल की नाही, ठाऊक नाही. न बोलली तरी ते तिचं बरोबर असेल.

बायकोला मात्र मी हे कुठे पाठवू?

बरी झाल्यावर दोन महिन्यांत तिने पुन्हा साडी मांडीवर घेतली. उरलेल्या बोटांत सुई धरायला शिकली. टाका आधीसारखा बारीक राहिला नाही. सुलट बाजूने दिसायचा, आणि ओळखीच्या बाया तिला वाईट वाटू नये म्हणून अजूनही साड्या आणून द्यायच्या. ते तिला कळायचं. दोरा ओवणं मात्र तिला जमायचं नाही. मग सकाळी ती डबा माझ्यापुढे सरकवायची. मी चष्मा लावून आठ-दहा सुया ओवून ठेवायचो आणि त्या तिच्या गादीच्या कडेला ओळीने टोचून द्यायचो. दुपारी संपल्या की पुन्हा. डब्यात आता पट्टी नसायची. डोकं दुखलं की ती ओला फडका बांधून पडायची. गोळी मागायची नाही.

जवळजवळ दोन वर्षं मी रोज सुया ओवल्या. रोज दोरा ओला करताना वाक्य ओठांवर यायचं. मी ते नीट जुळवूनही ठेवलं होतं: तुला बोलू दिलं नाही, चूक झाली. एवढंच.

‘‘झालं का?’’ ती विचारायची.

‘‘झालं,’’ मी म्हणायचो आणि सुई तिच्या हातात द्यायचो.

ती झोपेतच गेली, हृदयाने, थंडीच्या दिवसांत. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना आटोपून माणसं परतल्यावर मुलगी आवराआवर करत होती. गादी उचलताना तिच्या हाताला टोचलं. कडेला सात सुया होत्या, पांढरा दोरा ओवलेल्या. ती जायच्या आदल्या दिवशी मीच ओवलेल्या. ओवताना ती नेहमीपेक्षा जास्त वेळ माझ्याकडे बघत बसली होती, आणि मला वाटलं होतं, आज म्हणावं. म्हणायला तोंड उघडलंही होतं.

‘‘काय?’’ ती म्हणाली होती.

मी म्हणालो, ‘‘काही नाही.’’