भोंगेवाले आनंदराव

आनंदरावांना इंग्रजी येत नव्हतं आणि त्याचं त्यांना कधी काही वाटलंही नव्हतं. सक्करदरा तलावाजवळच्या शाळेत ते शिपाई म्हणून लागले तेव्हापासून त्यांचं मुख्य काम घंटेचं. घंटेला मराठी काय नि इंग्रजी काय! ऑफिससमोरच्या व्हरांड्यात पितळी घंटा टांगलेली, तिच्या लोलकाला हातभर दोरी. आनंदराव ती दोरी ओढत आणि अख्खी शाळा उठे, बसे, डबा खाई, घरी जाई. मध्यंतरी विजेची घंटा आणली होती, पण ती मिक्सरसारखी घरघरायची. मुख्याध्यापिका ढोक मॅडमनी ती बंदच करून टाकली. "आनंदरावांच्या घंटेची सर नाही तिला," असं त्या एकदा म्हणाल्या. आनंदरावांनी हे वाक्य घरी इतक्यांदा सांगितलं, की ते सुरू झालं की इंदूबाई कुकर लावायला उठत.

मग नववी 'ब'ला इंग्रजी शिकवायला अश्लेषा मॅडम आल्या. वयानं लहान, हौस मोठी. पुस्तकातले धडे लवकर संपवून त्यांनी एक बाहेरची कादंबरी काढली. एक पान इंग्रजीत वाचायचं आणि मग त्याची मराठीत अशी फोड करायची, की मागच्या बाकावरची झोपणारी पोरंसुद्धा पुढं सरकून बसत.

आनंदराव नोटीस घेऊन दारात गेले त्या दिवशी मॅडम सांगत होत्या, की कादंबरीत एक शहर आहे. तिथं कोणाकडंही घड्याळ नाही. मधोमध एक मनोरा, त्यावर भोंगा. भोंगा वाजला की सगळ्यांनी उठायचं, पुन्हा वाजला की जेवायचं, पुन्हा वाजला की दिवे घालवायचे. हसायचा भोंगा वेगळा. तो शुक्रवारी वाजे, आणि एरवी कोणी हसलेलं दिसलं की त्याला उचलून नेत. मनोऱ्यावर बसून हे भोंगे वाजवणारा एकच माणूस. त्याला नावही नाही. सगळे त्याला भोंगेवाला म्हणतात.

पियुष नावाचं एक वात्रट कार्टं उभं राहिलं. "मॅडम, हा भोंगेवाला म्हणजे आपले आनंदराव काकाच नं?"

वर्गात हशा पिकला. सगळे हसले म्हणून आनंदरावही हसले. सायकलवरून घरी जाताना मात्र तलावापाशी त्यांचं हसू आटलं. दुसऱ्या दिवशी पाचवीतली चिल्लीपिल्लीसुद्धा "भोंगेवाले काका आले रे, पळा!" म्हणून धावू लागली. गुडघे फुटलेल्या पोरांना हळद लावून द्यायची, डबा विसरलेल्यांना आपल्यातली पोळी द्यायची, एवढं सगळं करून शेवटी हे नाव? उन्हाळ्यात आनंदराव निवृत्त होणार होते. भोंगेवाला म्हणून घरी जायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं.

सुटकेचा एकच रस्ता होता. कादंबरीतला भोंगेवाला शेवटी चांगला निघाला पाहिजे.

म्हणून इंग्रजीचा तास लागला, की आनंदराव नववी 'ब'च्या खिडकीबाहेर झाडू घेऊन उभे राहू लागले. तिथला फरशीचा तुकडा आरशासारखा झाला. पण एक घोळ होता. गोष्ट नेमकी रंगात आली, की तास संपे. तास संपवायचा कोणी? आनंदरावांनीच! ते धावत ऑफिसकडं जात, घंटा देत, धापा टाकत परत येत, तोवर मॅडम पुस्तक मिटून निघालेल्या. उरलेलं पोरांकडून ऐकावं तर प्रत्येकाचं शहर निराळं.

"भोंगेवाल्यानं एका म्हातारीले पकडून देल्लं, काका," पियुष सांगे.

"खोटं बोलून राहिला तो," नूपुर मध्ये पडे. ती वर्गातली हुशार पोरगी. "म्हातारी मंगळवारी हसली, एवढंच झालं. भोंगेवाल्यानं वरून फक्त पाह्यलं."

"पाहून मंग काय केलं?"

"मंग तुमची घंटा झाली नं!"

रात्री जेवताना आनंदरावांनी हे इंदूबाईंना सांगितलं.

"म्हातारी काहून हसली?" इंदूबाईंनी विचारलं.

"मांजर दुधात पडली म्हणून."

"मंग हसणारच! त्याच्यात काय पाप आहे? आन् तुमचा तो वर बसून काय करून राहिला?"

"माझा काहून? माझा कोन लागते तो?"

"दोन आठवड्यांपासून भाजीत मीठ किती आहे तुमाले समजत नाही. तुमचाच आहे."

त्या रात्री आनंदरावांना युक्ती सुचली. सकाळी इंदूबाई धुणं वाळत घालायला अंगणात गेल्या, तर दोरी गायब. निळी नायलॉनची चांगली लांब दोरी! ती त्या वेळी शाळेत घंटेच्या लोलकाला बांधलेली होती आणि व्हरांड्याच्या खांबाखांबावरून, खिळ्याखिळ्यातून सरकत नववी 'ब'च्या खिडकीपर्यंत पोहोचली होती. आता गोष्ट ऐकायची, मनगटावरचं घड्याळ बघायचं आणि वेळ झाली की उभ्या जागी दोरी ओढायची. वर म्हातारीचं पुढं काय झालं ते एका कानानं ऐकतच राहायचं.

शाळेत धमाल उडाली. घंटेखाली कोणी नाही आणि घंटा वाजतेय! पाचवीतल्या पोरांनी तिला लांबून नमस्कार करायला सुरुवात केली. आठवीच्या मुलींनी दोरीवर ओले रुमाल टाकले, तर एका रुमालाच्या ओढीनं मधली सुट्टी लवकर झाली. ढोक मॅडमनी चष्मा पुसून घंटेकडं दोनदा पाहिलं आणि वाऱ्याला दोष देऊन त्या आत गेल्या. आनंदराव खिडकीखाली तोंडावर गमछा दाबून हसत होते. हसायचा भोंगा न वाजता.

शेवटच्या प्रकरणाचा दिवस उजाडला. दोरी हातातून निसटू नये म्हणून आनंदरावांनी तिचे मनगटाला वेढे दिले. आतमध्ये अश्लेषा मॅडमचा आवाज खाली खाली उतरत चालला होता. म्हातारीचं हसू शेजारणीला लागलं होतं, शेजारणीचं गल्लीला. आता सगळं शहर भर मंगळवारी हसत होतं. मनोऱ्यावर एकट्या भोंगेवाल्याला ते दिसत होतं. त्यानं धोक्याचा भोंगा वाजवला, की दारं बंद होणार, गाड्या येणार, माणसं उचलली जाणार.

"त्यानं भोंग्याच्या दांड्यावर हात ठेवला," मॅडम म्हणाल्या. "बोटं आवळली. आणि..."

"ओढू नको गा!"

आनंदराव ओरडले. ओरडले ते ओरडले, वर भोंगेवाल्याला थांबवायला दोन्ही हात हवेत फेकले. दोरीचं दुसरं टोक कुठं आहे याचं भान कोणाला होतं? घंटा दणादणा वाजली. ओशाळून त्यांनी हात खाली घेतले, तर ती पुन्हा वाजली. वेढे सोडवायला झटापट केली, तर थांबेचना. इतकी लांब घंटा म्हणजे शाळा सुटली! दप्तरं पाठीवर चढली, बाकं करकरली आणि सगळे वर्ग धबधब्यासारखे मैदानात कोसळले.

नववी 'ब'ची पोरंही सवयीनं उठली. आनंदराव खिडकीतून अर्धे आत वाकले. "बसा रे, बसा! ते घंटा खोटी आहे! आयकू नका तिचं!"

इतक्या वर्षांत त्यांनी आपल्या घंटेविरुद्ध पहिल्यांदा तोंड उघडलं. पोरं मटकन खाली बसली.

तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाला ढोक मॅडम दिसल्या. विहिरीतून पोहरा ओढावा तशी हातावर हात टाकत त्या निळी दोरी गोळा करत येत होत्या. गोळा करता करता त्या खिडकीशी पोहोचल्या आणि दोरीच्या टोकाला त्यांना आनंदराव सापडले.

"आनंदराव! काय आहे हे?"

"जयभीम, मॅडम." आनंदरावांनी दोरीसकट हात जोडले. "त्यानं ओढला का नाही, तेवढं आयकतो अन् येतो."

"कोणी ओढला? काय ओढला?"

"भोंगा!" अख्खा वर्ग ओरडला, आणि मग सगळ्यांनी एकदम गोष्ट सांगायला सुरुवात केली. म्हातारी, मांजर, मनोरा, मंगळवार, सगळं ढोक मॅडमच्या अंगावर आलं. त्यांनी आनंदरावांचं मनगट सोडवून दोरीचा गुंडा काखेत मारला. "वाचा हो अश्लेषा, लवकर वाचा. बाहेर चारशे पोरं मोकळी आहेत." आणि त्या आत येऊन पियुषच्या बाकावर टेकल्या. पियुष इतका सरकला की पडलाच.

अश्लेषा मॅडमनी वाचलं. भोंगेवाल्यानं दांड्यावरची बोटं एकेक करून सोडली. आयुष्यात पहिल्यांदा तो जिना उतरून खाली आला. म्हातारीनं त्याला ओट्यावर बसवून चहा दिला आणि विचारलं, "किती वाजले हो?" भोंगेवाला चहा फुंकत म्हणाला, "मला काय माहीत!"

कादंबरी तिथंच संपली.

मग आनंदराव हसायला लागले. आधी नुसते खांदे, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी. खिडकीची चौकट धरून ते खाली बसले. ढोक मॅडमनी ओठ घट्ट मिटून पाहिले, पण नाकातून फुर्रकन हसू निसटलं आणि मग वर्गाला कोण आवरणार!

"सुटले नं काका तुम्ही!" पियुष खालूनच ओरडला. "भोंगेवाला चांगला निघाला!"

"चांगला काय म्हनतं बे," आनंदराव डोळे पुसत म्हणाले, "लय चांगला निघाला!"

"पुरे आता," ढोक मॅडम पदर सावरत उठल्या. "जा, पोरांना आत घ्या."

आनंदराव मैदानात गेले. तिथं निराळीच गंमत. दप्तरं पाठीवर, पण फाटकाला कुलूप. घरी जावं की वर्गात, कोणालाच कळेना. कोणी लंगडी मांडली होती, कोणी डबा उघडला होता. पाचवीतली एक दोन वेण्यांची पोरगी धीर करून त्यांच्यापुढं आली.

"भोंगेवाले काका, सुट्टी झाली का?"

आनंदरावांनी छाती फुगवली. हे नाव आता त्यांना फेट्यासारखं डोक्यावर चढल्यागत वाटत होतं. मागं व्हरांड्यात ढोक मॅडम कमरेवर हात ठेवून उभ्या आहेत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"मले काय माहीत वं!" ते म्हणाले.

पोरगी हात पसरून मैदानभर धावत सुटली. "काकालेच माहीत नाही! काकालेच माहीत नाही!" आणि तिच्यामागं सगळी शाळा.