मुकुटाच्या आठवड्यातला कागद

कोर्टाचा कागद पोचवणं म्हणजे पेपर टाकणं नव्हे. फाटकाला खोचून चालत नाही, टपालपेटीत टाकून चालत नाही. ज्याच्या नावाचा आहे त्याच्या समोर उभं राहून द्यावा लागतो. त्यानं हात पुढे केला नाही तर पायाशी ठेवायचा, तेही चालतं. पण जिनं तक्रार केली तिनं स्वतः दिला, तर तो दिलाच नाही असं धरतात. कोर्टाच्या मदत खिडकीवरच्या पोरीनं हे मला दोनदा समजावून सांगितलं, कारण पहिल्यांदा माझा विश्वासच बसेना. एवारिस्तोनं आईच्या घरातून चालतं व्हावं, शंभर यार्डांच्या आत फिरकू नये, अशा तात्पुरत्या हुकमावर जजची सही झाली होती. पण कागद त्याला मिळेपर्यंत त्या हुकमाला काडीची किंमत नव्हती. तोवर तो घरात, आई घरात, आणि हुकूम माझ्या पिशवीत.

ही आई म्हणजे तिया देओलिंडा. आम्हा पोर्तुगीजांत वयानं मोठी बाई सगळ्यांचीच तिया, म्हणजे मावशी. पोर्तुगालच्या तेर्सेरा बेटावरून एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन इथं कॅलिफोर्नियात आली आणि दुसऱ्याच पहाटे नवऱ्याबरोबर गाईंखाली बसली. त्यानंतर चाळीस वर्षं उठली ती गाईंसाठीच. चर्चमधल्या भांडखोर बायकांची नावं ती गाईंना ठेवायची. माझ्या नावाचीही एक होती, ओडीलिया, आणि ती लाथा झाडायची. मी भांडायला गेले तर म्हणाली, "दूध मात्र सगळ्यात जास्त देते हो." अशी बाई. नवरा गेला, गाई विकल्या, राहिलं ते घर आणि रिकामा गोठा. मी शेजारीण, मध्ये फक्त लसूणघासाचं एक शेत.

सहा वर्षांपूर्वी बायकोनं हाकलल्यावर हा पन्नाशीचा घोडा आईकडे परतला. आधी तिची खोली घेतली. मग तिच्या कानातल्या यंत्राच्या बॅटऱ्या काढून ठेवायला लागला, का तर म्हातारी नको ते ऐकते. रागावला की तिची काठी फ्रिजवर टाकायचा आणि ट्रक घेऊन निघून जायचा. दिवसभर ती बिचारी भिंत धरून. मला हे कळायला पाच वर्षं लागली, याची लाज मला अजून वाटते. एकदा सकाळी ती सपाता घालून, शेतातून धडपडत माझ्या दारात आली. मनगट टम्म सुजलेलं. दारात सापडलं म्हणाली. दार कुणी लावलं, विचारलं तर गप्प. डॉक्टरलाही तिनं तेच सांगितलं, आणि डॉक्टरनं तेच लिहून घेतलं. कोर्टात जायला तिला तयार करता करता माझ्या नाकी नऊ आले.

सही झाली. शेरीफचा पोलीस कागद घेऊन दोनदा आला. पण आमचा मुलूख सपाट. त्याची गाडी एक मैलावरून दिसते. एवारिस्तो मागच्या दारानं गोठ्यात पसार. दुसऱ्या खेपेला तर तियानंच दार उघडलं आणि तो घरी नाही म्हणून सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला चांगली फैलावर घेतली, तर म्हणते, "पोटच्या पोराला पोलिसाच्या हाती देऊ?" कपाळ माझं! तेव्हा मी ठरवलं, हा कागद मीच देणार.

सुनावणी होती मंगळवारी, आणि कागद त्याच्या पाच दिवस आधी, म्हणजे गुरुवारपर्यंत त्याला मिळायला हवा होता. नाही तर तारीख आणखी तीन आठवडे पुढे. आणि नेमका त्या गुरुवारच्या आधीच्या रविवारी तियाच्या घरी मुकुट आला.

ईस्टरनंतर सात आठवडे पवित्र आत्म्याचा चांदीचा मुकुट सात घरांत राहतो, एकेका घरी एक आठवडा. कुणाकडे ते चिठ्ठ्या काढून ठरतं. तियाची चिठ्ठी अकरा वर्षं निघाली नव्हती, ती यंदा निघाली. पायऱ्यापायऱ्यांचं मखर, पांढरी कापडं, ढीगभर फुलं, वर मुकुट. रोज संध्याकाळी माळ जपायला सगळा गाव. नंतर गोड पाव आणि कॉफी. त्या आठवड्यात घराचं दार कुणालाही बंद करायचं नाही. वर्षानुवर्षं तोंड न बघणारी माणसंही येतात, त्यांनाही खुर्ची द्यायची. हे आम्हाला कुणी शिकवत नाही, अंगातच असतं.

आणि एवारिस्तो! इस्त्रीचा शर्ट काय, केस चापून बसवलेले काय. खुर्च्या मांडतोय, म्हाताऱ्यांच्या हातांची चुंबनं घेतोय, आईला कोपराला धरून बसवतोय. तिच्या कानातल्या यंत्रात बॅटऱ्या पण घातलेल्या. बायका म्हणायला लागल्या, देवानं मुलगा द्यावा तर असा.

बुधवारी दुपारी मी तियाला स्वयंपाकघरात गाठलं आणि आज देणार म्हणून सांगितलं. तिनं पिठाचे हात तसेच माझ्या दंडावर ठेवले. "मुकुट जाऊ दे, मग दे," म्हणाली. "मुकुट असताना या घरातून कुणाला बाहेर काढायचं नसतं, ओडीलिया."

मी म्हटलं, मुकुट जाईतो तारीख गेली, मग आणखी तीन आठवडे तू आणि तो. ती काही बोलली नाही, परत पीठ मळायला लागली. त्या गप्प राहण्याचा अर्थ मी हो असा घेतला. मला तोच घ्यायचा होता.

त्याला अंगणात गाठायचा माझा बेत होता. पण त्याला वास लागला असणार. माळ संपली, माणसं कॉफीला उठली, तरी हा मखरापुढे गुडघे टेकून बसलेला. इथे कोण धजावतंय, असं त्याला वाटलं असेल. मी धजावले. पिशवीतून कागद काढला, त्याचं पूर्ण नाव घेतलं, आणि हे कोर्टाचे कागद आहेत म्हणून सांगितलं. त्यानं हात जोडलेलेच ठेवले. मी कागद त्याच्या गुडघ्यापाशी फरशीवर ठेवला आणि घड्याळात वेळ बघितली, कारण फॉर्मवर वेळ लिहावी लागते.

एवारिस्तो उठला, मुकुटाला ओठ लावले, आणि डोळे पुसत निघून गेला. घरभर माणसं माझ्याकडे बघत होती. माझ्या सख्ख्या जावेनं तोंड फिरवलं. तिया कोपऱ्यात बसून पीठ पुसावं तसे आपले कोरडे हात ॲप्रनला पुसत राहिली.

गुरुवारी माळेला नऊ जण. शुक्रवारी पाच. अकरा वर्षं वाट पाहिलेला मुकुट, आणि खोलीभर रिकाम्या खुर्च्या. शनिवारी दुपारी तियानं फोन उचलला आणि मुलाला बोलावलं. मला न विचारता. तो आला, आणि त्याच्या पाठोपाठ सगळा गाव आला. मी माझ्या अंगणातून गाड्या बघत होते. पोलिसांना फोन करायला हवा होता, हातात घेतलाही होता. पण मुकुटासमोर पुन्हा तोच तमाशा करायची माझी छाती झाली नाही. माझी चूक ती हीच.

मंगळवारी कोर्टात त्याच्या वकिलानं एक फोटो पुढे केला. शनिवारचा. एवारिस्तोच्या हातात मुकुट, शेजारी तिया, आणि ती हसतेय. दात नसलेलं, मनापासूनचं हसू. मनगटाबद्दल डॉक्टरचा कागद होता, पण त्यावर तिचेच शब्द: दारात सापडलं. जजबाईंनी एवारिस्तोला हुकूम मोडल्याबद्दल दोन शब्द सुनावले. मग दुभाष्यामार्फत तियाला एकच प्रश्न विचारला: शनिवारी मुलगा घरी आला तेव्हा तुम्हाला त्याची भीती वाटली का?

"नाही," तिया म्हणाली. "मुकुट घरात होता ना."

दुभाष्यानं पहिला शब्द सांगितला, दुसऱ्या वाक्यावर अडखळला, आणि काहीतरी सणाबद्दल म्हणून मोकळा झाला. मी उठून बोलायला लागले तर मला खाली बसवलं. दहा मिनिटांत सगळं आटोपलं. अर्ज फेटाळला, तात्पुरता हुकूमही संपला.

बाहेर व्हरांड्यात मी तिला गाठलं. रडायला येत होतं आणि रागही येत होता. म्हटलं, "तिया, भीती वाटते एवढंच म्हणायचं होतंस गं. दोन शब्द."

"हात वर करून शपथ घेतली होती, पोरी. खोटं कसं बोलू?" ती म्हणाली. "त्या दिवशी खरंच नव्हती वाटली. सहा वर्षांत तेवढाच आठवडा."

मग एवारिस्तो आला, तिच्या कोपराला धरलं, माझे आभार मानले, आणि तिला ट्रकमध्ये बसवून घेऊन गेला. आता फाटकाला कुलूप असतं आणि फोन तोच उचलतो. खिडकीवरची पोरगी म्हणते नवीन अर्ज करता येईल, फक्त बाईंची सही आणा. सहीसाठी तियापर्यंत पोचायचं, तर आता मला एवारिस्तोलाच विचारावं लागतं.