काठावर राहिलेल्या चपला

बस आली तेव्हा बाबा तलावातून थेट फाट्यावर आले होते. अंगावर ओली लुंगी, खांद्यावर जाळं, पायाला चिखल. माय माझ्या पिशवीत सुकवलेली मासळी कोंबत होती आणि मी "अवं माय, रूमवर वास येईन ना, हाकलून देतीन मले" म्हणून कुरकुरत होते. फाट्यावर बसलेल्या बायकांना आयताच विषय मिळाला. "पाण्याकडे पाहाचा पगार भेटते म्हणते हिले! आपण तं जन्मभर फुकटच पाह्यलं." सगळ्या खिदळल्या, मीही हसले. बाबा तेवढे हसले नाहीत. बस हलली तेव्हा खिडकीला हात लावून म्हणाले, "पाण्याकडे पाठ नोको करजो वं मंदा."

वैनगंगेचा पूल मागे पडेपर्यंत मी ताठ बसून होते. मूल गावाच्या अलीकडे जंगल लागलं आणि शेजारची अनोळखी बाई म्हणाली, "काऊन रडून राह्यली वं, सासरी चालली काय?" तेव्हा कुठं कळलं की मी रडतेय. सासरी नाही, ड्युटीवर चालले होते. पण त्या बाईला काय सांगणार?

गावातल्या तुम्हा सगळ्यांना वाटतं, मंदा चंद्रपुरात स्विमिंग पूलवर लाइफगार्ड आहे, मजेत आहे. निळं पाणी, छत्रीखाली खुर्ची, गळ्यात शिट्टी. या एकदा आणि बसा त्या खुर्चीवर! मे महिन्यात इथली फरशी अशी तापते की मायला तव्याची गरज पडू नये. बॅच सुरू झाली की मोबाईल हातात घ्यायचा नाही, गप्पा मारायच्या नाहीत, जोडीदारीण येऊन जागा घेत नाही तोवर तहान लागली तरी उठायचं नाही. डोळे सतत इकडून तिकडे, तिकडून इकडे. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही, तो गुपचूप जातो. मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरात वाढले म्हणून एवढं तरी मला कोणी शिकवावं लागलं नाही.

शिकावं लागलं ते वेगळंच. ट्रेनिंगच्या बाई फार कडक होत्या. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "काठावरचा माणूस धावला तर त्याचे उपकार. तू धावली नाहीस तर तो गुन्हा. खुर्चीवर बसलीस की तू बघ्यांपैकी नाहीस." आणि दुसरं सांगितलं ते असं, की शंका आली तर सगळ्यांना बाहेर काढून पूल रिकामा करायचा, त्यासाठी मॅनेजरची परवानगी लागत नाही. आपल्याकडे तलावात कोणाचं काही झालं तर अख्खं गाव पाण्यात उतरतं. इथं आधी विचारतात, ड्युटीवर कोण होतं? हे ऐकून मला पहिले काही दिवस झोपच लागत नव्हती.

मला सांगायचं आहे ते मागच्या उन्हाळ्यातलं. संध्याकाळची लेडीज बॅच होती. नियम दोन लाइफगार्डचा, एक उथळ बाजूला, एक खोल बाजूला. पण काउंटरवरचा माणूस आला नव्हता, म्हणून आमचे मॅनेजर वानखेडे सर माझ्या जोडीदारिणीला, प्रियाला, पास तपासायला घेऊन गेले. "पाच मिनिटं सांभाळ गं," म्हणाले. त्यांची पाच मिनिटं मला चांगली माहीत होती! मी खुर्ची सोडली आणि काठाकाठानं फेऱ्या मारायला लागले, कारण त्या वेळेला ऊन आडवं येतं आणि खोल बाजूचा तळ चमकेखाली दिसेनासा होतो. एकीकडे पाहिलं की दुसरीकडे पाठ होत होती. सारखे बाबा आठवत होते आणि सरांचा राग येत होता.

बॅच संपली. शिट्टी मारली, बायका निघाल्या, चेंजिंग रूममधला गलका थांबला. गेटबाहेर पुढची बॅच घाईला आली होती. मी शेवटची फेरी मारायला वळले आणि खोल बाजूच्या शिडीपाशी चपलांचा एक जोड दिसला. निळ्या पट्ट्यांचा, बायकी.

चेंजिंग रूममध्ये धावले, एकेक दार ढकललं. कोणी नाही. परत आले तर चपला तिथंच, आणि पाण्यावर नुसतं ऊन.

"असतील कोणाच्या तरी. गेट उघड," वानखेडे सर म्हणाले.

तुम्हाला मी काय सांगायचं? आपल्याकडे तलावात उतरणारा बांधावर चपला काढतो आणि तो वर येऊन त्या पायात घालेपर्यंत बांधावरचा माणूस हलत नाही. मग तो माणूस भांडणातला का असेना! बाबांचं आणि शेजारच्या सुकरूभाऊंचं बोलणं बंद होतं, तरी सुकरूभाऊंच्या चपला दिसल्या की बाबा चिलमीचं निमित्त करून बसून राहायचे. चपला आहेत म्हणजे माणूस पाण्यात आहे. याच्यावर आपण कधी वाद घातलाय का?

मी तीन लांब शिट्ट्या मारल्या. "कोणी आत यायचं नाही! प्रिया, एकशे आठला फोन लाव आणि काठावर उभी राहा!" सर ओरडले, "मंदा, कोणाला विचारून बंद केलंस?" उत्तर द्यायला वेळ नव्हता. मी सूर मारला.

तलावाच्या तळाशी गाळ असतो, कमळाचे देठ असतात, हाताला काही ना काही लागतं. इथं गुळगुळीत टाइल्स आणि डोळ्यापुढं सगळं निळं, अंधूक. भिंतीपासून भिंतीपर्यंत हात फिरवत जायचं, वर येऊन श्वास घ्यायचा, थोडं सरकून पुन्हा खाली. दर वेळी हात पुढं केला की वाटायचं, आता केस लागतील. लहानपणी एका माणसाला असं शोधताना मी बांधावरून पाहिलं होतं, आणि तो सापडतानाही पाहिलं होतं. मी घाबरले होते. लाइफगार्ड घाबरत नाहीत असं कोणी म्हणालं तर खुशाल खोटं समजा. वर आले की सरांचा आवाज, गेटवरचा आरडाओरडा, आणि प्रियाचं "नाही गं, अजून काही दिसत नाही." सगळा तळ झाला. तरी मन मानेना, कोपरे पुन्हा चाचपले.

तेवढ्यात वॉचमन पळत आला. त्याने घरोघरी फोन लावले होते. चपला रेखा मॅडमच्या होत्या आणि रेखा मॅडम घरी चहा पीत होत्या! नवऱ्याने गाडी गेटपाशी आणली, त्या तशाच अनवाणी जाऊन बसल्या. चपला पूलच्या होत्या म्हणे. पूलच्या म्हणजे इथंच ठेवायच्या, रोज इथंच घालायच्या. घरच्या वेगळ्या, फिरायच्या वेगळ्या. असं असतं हे मला कुठून ठाऊक? आपल्याकडे माणूस एक, जोड एक.

मी शिडीला धरून हसावं की रडावं या विचारात होते आणि वर सगळे भडकलेले. रुग्णवाहिका येऊन परत गेली. कोणी म्हणालं तमाशा, कोणी म्हणालं बॅच वाया गेली. "खेड्यातून उचलून आणलं की असंच होणार," हेही कानावर पडलं. वानखेडे सरांनी सर्वांसमोर सुनावलं, "उद्या मेंबरांची माफी मागायची. नसेल जमत तर पुन्हा येऊ नकोस."

रूमवर आले आणि बाबांना फोन लावला. नोकरी जाते आता, हे सांगायचं होतं. फाट्यावरच्या बायका काय म्हणतील तेही डोळ्यापुढं दिसत होतं. सगळं एका दमात सांगितलं आणि हुंदका फुटला.

"मंग, पाण्यात कोणी नाई सापडलं ना?" बाबांनी विचारलं.

"नाई."

"मंग बरं झालं ना वं! ते रागावून काऊन राह्यले?"

मागून मायचा आवाज आला, "जेवली का विचारा तिले."

दुसऱ्या दिवशी पूलवर मेंबर जमले होते. सरांनी मला पुढं केलं. मी म्हणाले, "माफी नाही मागणार. शंका आली तर उद्याही सगळ्यांना बाहेर काढीन, त्यासाठीच मला इथं ठेवलंय. मला ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण मी ड्युटीवर असताना पाणी कधी रिकामं करायचं ते मीच ठरवणार. आणि प्रियाला पुन्हा काउंटरवर नेलं तर बॅचच सुरू होणार नाही."

रेखा मॅडम मागे उभ्या होत्या. त्या सरांना म्हणाल्या, "मी खरंच खाली असते तर? तुम्ही तर गेट उघडत होता." सर पाण्याकडे बघत राहिले. प्रिया आपली शिट्टी गळ्यात अडकवून माझ्याआधी खोल बाजूला जाऊन बसली.

नोकरी टिकली. वानखेडे सर अजून माझ्याशी तुटक बोलतात, बोलोत बापडे. मुलींनो, तुमच्यापैकी कोणी नागपूर-पुण्याला गेलीय, कोणी जाईल. घर कुठं म्हणून लोक विचारतात तेव्हा मी आता गावाचं नाव सांगत बसत नाही, एवढंच सांगते. जाळं रिकामं निघालं की दिवसभर तोंड पाडून बसणारा माझा बाप, त्या संध्याकाळी मी पाण्यातून रिकाम्या हातानं वर आले म्हणून खूश झाला होता. अख्ख्या चंद्रपुरात तेव्हा कोणी खूश नव्हतं.