धाकटी पंपावर राहिली तो दिवस

माझी धाकटी बहीण आता त्रेसष्ट वर्षांची आहे, गुडघे माझ्यापेक्षा जास्त कुरकुरतात, तरी सगळे तिला धाकटीच म्हणतात. नाव आहे तिला, पण हॉस्पिटलच्या हजेरीपटाखेरीज ते कुणी वापरल्याचं मला आठवत नाही.

एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा लांब पल्ल्याच्या बसचा ड्रायव्हर. तीन दिवस गाडीवर, एक दिवस घरी, आणि तो एक दिवसही झोपेत. लग्न ठरताना आई म्हणाली होती, माणूस निर्व्यसनी आहे, आवाज चढवत नाही, आणखी काय हवं? आवाज चढवत नव्हते हे अगदी खरं. मुळात आवाजच नव्हता. त्यांच्या बसमध्ये डोक्यावर पाटी असायची, चालकाशी बोलू नये. धाकटी मला म्हणायची, "ताई, येताना ती पाटी हे घरी घेऊन येतात गं, आणि गळ्यात अडकवूनच जेवायला बसतात." ती हसायची म्हणून मीही हसायचे.

ती स्वतः हॉस्पिटलात कपड्यांच्या खोलीत कामाला होती. धुऊन आलेल्या चादरी उजेडात धरून बघायच्या, फाटकी निघाली की ठिगळ लावायचं, कोपऱ्यात लाल दोऱ्याने वॉर्डाचा नंबर घालायचा. खोली तळघरात. वर छताला लागून एक बुटकी खिडकी, तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे नुसते पाय दिसायचे. सव्वीस वर्षं माझ्या बहिणीने माणसं पायांवरून ओळखली. हाडांचे डॉक्टर स्वतःच लंगडतात, हे सगळ्या हॉस्पिटलात आधी तिला कळलं होतं.

मुलगी एकच. ती शिकली, दूर नोकरीला गेली आणि तिथलीच झाली. मग संध्याकाळी धाकटीचा मला फोन यायचा. सांगण्यासारखं काही नसायचंच. दोन वाक्यं झाली की म्हणायची, "तू तुझं काम कर, फोन मात्र ठेवू नकोस." मी रिसीव्हर ओट्यावर भांड्यांच्या शेजारी आडवा ठेवायचे आणि स्वयंपाकाला लागायचे. तिकडे ती माझ्या फोडणीचा चुर्र आवाज ऐकत बसायची, माझ्या मुलांची भांडणं ऐकायची. मुलं ओट्याशी आली की एकमेकांना म्हणायची, हळू बोला, मावशी आली आहे.

मेहुणे निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं, चला, आता सुटली. पण दोन माणसं चाळीस वर्षं वेगवेगळी राहिली की त्यांना एका खोलीत नुसतं बसवून काही होत नाही. त्यांना एकमेकांचं काय करावं तेच कळेना. ते पेपर वाचायचे, ती त्याच पेपरच्या मागच्या बाजूकडे बघत बसायची.

कुत्री आली म्हणून जरा बरं झालं. मोठा डेपोतून आला. कुणी तरी बसखाली सोडून गेलं होतं. तोंड इतकं गंभीर की वह्या तपासायला बसलाय असं वाटावं, म्हणून तो मास्तर. दुसरी बारकी, एका पायाने अधू, आणि मनाविरुद्ध काही झालं की उकळी आल्यासारखी बारीक सुरात रडायची, म्हणून ती किटली. या दोघांमुळे घरात बोलणं सुरू झालं. मी एकदा राहायला गेले तेव्हा ऐकलं. धाकटी आतून म्हणाली, "मास्तर, तुमच्या मालकांना सांगा, चहा झालाय." मालक तिच्यापासून दोन हातांवर बसलेले. ते म्हणाले, "किटले, बाईंना सांग, साखर कमी घाला." मी पोट धरून हसले. चार दिवस राहिले, चारही दिवस हेच. शेवटी मला हसू येईना.

घरगाडीची कल्पना मेहुण्यांची. डेपोतून मोडीत निघालेली एक छोटी बस त्यांनी घेतली, सहा महिने तिच्यात डोकं घालून बसले आणि तिचं घर केलं. दोन बर्थ, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, पडद्यामागे संडास. पडदे धाकटीने शिवले. बेत असा की देशाच्या या टोकापासून त्या टोकाला जायचं, समुद्र बघायचा आणि परत यायचं. दीड महिना. शेजाऱ्यांनी विचारलं, या वयात? ते म्हणाले, याच वयात, कारण आता वेळापत्रक नाही. आणि पहिल्याच दिवशी निघाले ते सकाळी सहा वाजून शून्य मिनिटांनी.

पुढच्या सीटवर पाण्याचे कॅन रचले होते. आणि कुत्र्यांना मागे एकटं सोडलं की ती ओकायची. म्हणून धाकटी मागे, कुत्र्यांबरोबर. मला दर दोन दिवसांनी फोन करायची. कसं चाललंय विचारलं की म्हणायची, "छान आहे. डोंगर दिसतात. ह्यांची पाठ दिसते." एकदा म्हणाली, "ताई, तळघरात पाय तरी वेगवेगळे दिसायचे."

आता नवव्या दिवसाचं सांगते.

बसमध्ये कंडक्टरने दोरी एकदा ओढली की थांबायचं, दोनदा ओढली की निघायचं. मागे कोण चढलं, कोण राहिलं, हे बघणं ड्रायव्हरचं काम नाही. मेहुण्यांनी नोकरीभर असंच केलेलं. घरगाडीतही तीच रीत लावली. धाकटीने मागचं दार लावायचं, पत्र्यावर दोनदा थाप मारायची, की गाडी हलली. त्या दिवशी सकाळी एका पंपावर डिझेल भरलं. आजूबाजूला गाव नाही, नुसता सरळ रस्ता. धाकटीने कुत्र्यांना फिरवून आत चढवलं आणि कचऱ्याची पिशवी टाकायला म्हणून स्वतः खाली राहिली. दाराची कडी बसेना. तिने बाहेरून दार एकदा आपटलं, नाही बसली. पुन्हा आपटलं.

गाडी निघाली.

ती हाका मारत चार पावलं धावली, पण सपाता घालून, हातात कचऱ्याची पिशवी घेऊन बासष्टाव्या वर्षी माणूस किती धावणार? मागच्या काचेत किटलीचं नाक दिसत होतं, तेही मग दिसेनासं झालं. तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. फोन गाडीत चार्जिंगला, चष्मा बर्थवर.

गल्ल्यावरच्या बाईने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नवऱ्याचा नंबर विचारला. धाकटीला तो पाठ नव्हता. कधी लावावाच लागला नव्हता. तिला जगात एकच नंबर पाठ, तो माझा, चाळीस वर्षं न बदललेला. त्यामुळे अकराच्या सुमाराला माझ्याकडे फोन वाजला. तिने सगळं सांगितलं आणि मला हसू आवरेना. "अगं, माझ्या वहीत आहे ना त्यांचा नंबर," मी म्हटलं, "थांब, आत्ता लावते आणि चांगली खरडपट्टी काढते."

"लावू नकोस," ती म्हणाली.

मला वाटलं, लाजतेय. मग कळलं की तसं नाही. आवाज अगदी शांत होता, ठिगळ नीट बसलंय की नाही ते बोट फिरवून बघायची ना, तसा. "मला बघायचंय ताई, किती वेळाने कळतं ते. मी मागे नाही हे. तू फोन केलास तर तू सांगितलंस म्हणून कळेल. त्यांना स्वतःला कळू दे. माझी शपथ आहे तुला."

मी विचारलं, "आणि उशीर झाला तर?"

"उशिराचं काही नाही गं. काय सांगतात ते बघणार. इथली बाई म्हणते, पंक्चर झाली असेल. पंक्चर झाली म्हणाले ना, तर साडेतीनला इथून बस आहे. मी तुझ्याकडे येईन."

तुझ्याकडे म्हणजे दोन दिवस राहायला नव्हे, हे मला न सांगता समजलं.

फोन ठेवला आणि मी वही उघडून मांडीवर घेतली. मिटली. परत उघडली. बाराच्या ठोक्याला माझ्याच्याने राहवेना. शपथ बिपथ बाजूला ठेवून मी त्यांचा नंबर फिरवला. बंद. हात स्टिअरिंगवर असताना फोन बंद ठेवायचा हा त्यांचा जुना नियम. मी शपथ मोडली, पण त्यांच्या नियमाने ती न मोडल्यासारखीच राहिली. हे धाकटीला मी आजपर्यंत सांगितलेलं नाही.

तिकडे ती काचेमागे बसून रस्त्याकडे बघत होती. अकरापर्यंत आले असते तर अर्ध्या तासात कळलं असा अर्थ. बारापर्यंत आले असते तर तासाभरात. साडेबारा झाले तेव्हा तिने हिशेब सोडला. गल्ल्यावरच्या बाईने आपल्या डब्यातलं अर्धं तिला दिलं आणि आपल्या नवऱ्याच्या दहा तक्रारी सांगितल्या. दहावी तक्रार अशी की तो घोरतो. धाकटी म्हणाली, "आमचे घोरतसुद्धा नाहीत."

दोन वाजून पस्तीस मिनिटांनी गाडी पंपावर शिरली. दार उघडताच किटली तीन पायांवर धावत सुटली, मास्तर मागून आला आणि तिच्या सपातेवर हनुवटी टेकून पडला. मेहुणे उतरले. शर्ट घामाने भिजलेला. तिच्यासमोर येऊन उभे राहिले आणि सवयीने खाली बघून म्हणाले, "मास्तर, बाईंना..."

धाकटीनेच विचारलं, "कधी कळलं?"

बसच्या नोंदवहीत आयुष्यभर वेळा लिहिलेला माणूस. त्यांना मिनिट खोटं सांगता येत नाही. म्हणाले, "बारा वाजून वीस मिनिटांनी. सव्वादोन तास कळलं नव्हतं."

गल्ल्यावरच्या बाईने कपाळावर हात मारला. तिने बिचारीने पंक्चरची सबब आधीच तयार करून ठेवली होती.

धाकटीने विचारलं, मग कळलं कसं? ते म्हणाले, "मी तुझ्याशी बोलत होतो."

झालं होतं असं की पंपानंतर थोड्या वेळाने जो फाटा लागतो, तिथून त्यांचा नोकरीतला पहिला रस्ता सुरू होतो. तो दिसला आणि माणसाला काय झालं कोण जाणे, ते बोलायला लागले. समोर रस्त्याकडे बघत, मागे ऐकू जाईल असं मोठ्याने. पहिली बस, पहिला कंडक्टर, घाटात ब्रेक गेला होता ती सकाळ, मुलगी झाल्याची चिठ्ठी कुठल्या थांब्यावर मिळाली ते. दोन तास. मागून किटलीचं रडणं ऐकू येत होतं, त्यांना वाटलं, बाई आहेत, बघतील. उत्तर येत नव्हतं त्याचंही काही वाटलं नाही, कारण उत्तराची सवय दोघांनाही नाही. मग त्यांनी एक प्रश्न विचारला. उत्तर नाही. पुन्हा विचारला. मग गाडी कडेला घेतली आणि मान न वळवता थांबून राहिले. वाटलं, ती रडत असेल, तिला वेळ द्यावा. दहा मिनिटांनी मागे बघितलं तर दोन कुत्री, आणि बर्थवर चष्मा.

"काय विचारलं होतंत?" धाकटी म्हणाली.

"असंच काहीतरी."

तिने गल्ल्यावरच्या बाईचा डबा धुऊन परत दिला. पाण्याचे कॅन पुढून मागे टाकायला लावले आणि पुढे चढून बसली. निघाल्यावर म्हणाली, "मघाशी जे बोललात ते आता मला सांगा." त्यांनी सांगितलं. पहिली बस, कंडक्टर, ब्रेक, चिठ्ठी. दहा मिनिटांत संपलं. तिने विचारलं, दोन तासांचं एवढंच? ते म्हणाले, एवढंच होतं. आता बाकीचं कुणाला विचारायचं? तिथे दोन कुत्रीच होती आणि त्यांना बोलता येत नाही.

समुद्र त्यांनी बघितला. फोनवर म्हणाली, खूप आहे गं, संपतच नाही. कुत्री घाबरली.

परतीच्या वाटेवर ती दोघं माझ्याकडे तीन दिवस राहिली. एका सकाळी धाकटी किटलीला घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे गेली होती आणि मेहुणे माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मटार सोलत होते. मी काही विचारलं नव्हतं. तेच म्हणाले, "ताई, मी तिला विचारलं होतं, मी घरी यायचो त्या दिवशी तुला बरं वाटायचं, की मी परत कधी जातो याची वाट बघायचीस?"

उत्तर मलाही ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत ते मी तिला विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं.

"मग आता विचारा की," मी म्हटलं.

"विचारून झालं ना."

"अहो, ती गाडीत नव्हती."

"नव्हती," ते म्हणाले. "पण मी दोनदा विचारलं."

आणि त्यांनी पुढची शेंग उचलली. ढीग बराच होता. मीही दुसरं स्टूल ओढून त्यांच्यासमोर सोलायला बसले.